चुंबकीय ठोका मेंदूतल्या चेतापेशींचं नेमकं काय करतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कवटी न उघडता, सुई न टोचता मेंदूतल्या पेशी बाहेरून उद्दीपित करता येतात, हे पहिल्यांदा ऐकलं की पटत नाही. त्यात 'चुंबक' म्हटलं की कुणाला भलती आशा वाटते, कुणाला भलती भीती. ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजे टीएमएस, याबद्दल रुग्ण, त्यांच्या घरचे आणि जीवशास्त्राचे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे आहेत. 'मेंदूला चालना मिळते' एवढं सांगून पुढे जाणारी माहितीपत्रकं बरीच आहेत. इथे भर आहे तो पेशीवर काय गुजरतं यावर, कारण तेवढं समजलं की उरलेले निम्मे प्रश्न आपसूक सुटतात.

टीएमएसमध्ये करतात काय?

डोक्याला टेकवून एक कॉइल धरतात. प्लास्टिकच्या आवरणात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात, बहुतेक वेळा इंग्रजी आठच्या आकड्याच्या आकारात जोडलेली. यंत्रातल्या धारित्रात (कपॅसिटरमध्ये) साठवलेला विद्युतभार या तारेतून एका झटक्यात सोडला जातो. प्रवाह हजारो अँपिअरचा, पण तो टिकतो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. 'टक्' असा मोठा आवाज येतो आणि कॉइलखालच्या त्वचेला टिचकी बसल्याचं जाणवतं. माणूस जागा असतो, खुर्चीत बसलेला असतो, बोलू शकतो. भूल द्यावी लागत नाही.

मग पेशींवर काम कोण करतं? चुंबक की वीज?

वीज. हा मुद्दा पक्का धरून ठेवा, कारण बहुतेक गैरसमज इथेच जन्म घेतात.

बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे विद्युत क्षेत्र निर्माण होतं, हे मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं. शाळेत आपण ते विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणून शिकतो. टीएमएसच्या ठोक्यात कॉइलजवळचं चुंबकीय क्षेत्र क्षणभर दीड ते दोन टेस्लापर्यंत (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) चढतं आणि लगेच ओसरतं. ते चढता-उतरताना कॉइलखालच्या मेंदूत विद्युत क्षेत्र उमटतं आणि पेशींवर परिणाम होतो तो या क्षेत्राचा.

मग सरळ वीजच का देत नाहीत? तसं करून पाहिलं होतं. १९८० मध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी डोक्याच्या त्वचेवर इलेक्ट्रोड लावून जबरदस्त दाबाचा विजेचा झटका दिला आणि हाताचे स्नायू हलवून दाखवले. पण कवटीचं हाड विजेला कडाडून विरोध करतं. त्यामुळे बराचसा प्रवाह त्वचेतून आणि तिच्याखालच्या स्नायूंतूनच वाहतो आणि प्रचंड दुखतं. चुंबकीय क्षेत्राला मात्र हाडाचा अडथळाच नसतो. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड इथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचाच फायदा घेतला. कवटीपलीकडे जायचं ते चुंबकीय क्षेत्राने, वीज तयार करायची ती थेट आत. हात हलला, आणि फारसं दुखलंही नाही.

एमआरआयचं चुंबक तर याहून जोरदार असतं. तिथे हात का उडत नाही?

एमआरआयचं मुख्य क्षेत्र दीड किंवा तीन टेस्लाचं असतं खरं, पण ते स्थिर असतं. पेशीला कळतो तो बदलाचा वेग. टीएमएसचं क्षेत्र शून्यापासून शिखरापर्यंत जेमतेम १०० मायक्रोसेकंदात पोचतं, म्हणून त्यातून दखल घेण्याजोगं विद्युत क्षेत्र तयार होतं. (एमआरआयमध्ये चित्र काढण्यासाठी काही क्षेत्रं भराभर बदलावी लागतात, आणि त्यांनी कधीकधी अंगात बारीक चुणचुण होते. कारण हेच.)

बाजारात मिळणारे चुंबकाचे पट्टे आणि टोप्या यांची चुंबकं स्थिर असतात. टीएमएसचं नाव घेऊन ती विकली जातात तेव्हा ते सरळसरळ दिशाभूल करणारं असतं.

चेतापेशीच्या नेमक्या कुठल्या भागाला धक्का बसतो?

बहुतेकांना वाटतं पेशीच्या मुख्य देहाला. प्रत्यक्षात तो बसतो अॅक्सॉनला, म्हणजे पेशीचा संदेश पुढे नेणाऱ्या लांब तंतूला.

शांत चेतापेशीचा आतला भाग बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असतो. हा फरक कमी होत होत साधारण ५५ मिलिव्होल्टच्या आसपास आला की पटलावरचे, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या आवरणावरचे, सोडियमचे मार्ग धडाधड उघडतात आणि पेशी संदेश सोडते. याला क्रियाविभव म्हणतात. टीएमएसला एवढंच घडवून आणायचं असतं: कुठेतरी, पटलाच्या एखाद्या तुकड्यावर, हा उंबरठा ओलांडायला लावायचा.

कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या घडीदार थरात, टीएमएसचं विद्युत क्षेत्र मीटरला १०० व्होल्टच्या घरात असतं. मिलिमीटरमागे एक दशांश व्होल्ट. अॅक्सॉन सरळ आणि क्षेत्र सगळीकडे सारखं असेल तर भार तंतूतून नुसता सरकतो, पटलावर ताण येत नाही. पण शेताच्या पाटाला अचानक वळण आलं की पाणी बांधावर आदळतं, तसंच तंतू जिथे वाकतो, फाटे फोडतो किंवा संपतो तिथे सरकणारा भार पटलावर चढतो. उंबरठा ओलांडला जातो तो या जागी. संगणकावर बनवलेली चेतापेशींची बारकाईची प्रारूपंही हेच दाखवतात की सगळ्यात आधी पेटतात, म्हणजे संदेश सोडतात, ती अॅक्सॉनची टोकं, विशेषतः कॉर्टेक्सच्या घडीच्या माथ्यावरची.

यातून एक गोष्ट निघते. कॉइल तीच, जागा तीच, ताकद तीच. फक्त ती काही अंश फिरवली तरी वेगळे तंतू उद्दीपित होतात. म्हणून 'डोक्यावर कुठे ठेवलं' याइतकंच 'कुठल्या दिशेने धरलं' हे महत्त्वाचं आहे. घाईघाईत दिलेल्या उपचारात हीच गोष्ट दुर्लक्षित राहते, आणि मला ते फार खटकतं.

कॉइल ठेवल्यावर बोट हलतं, तेव्हा आत काय घडतं?

टीएमएसमधला हा सगळ्यात चांगला तपासलेला प्रसंग आहे, म्हणून तो जवळून पाहू.

अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या स्नायूवर दोन छोटे इलेक्ट्रोड चिकटवलेले आहेत. कॉइल डोक्याच्या विरुद्ध बाजूला, हाताची हालचाल ठरवणाऱ्या पट्ट्यावर, दांडा मागच्या दिशेला आणि मध्यरेषेशी सुमारे ४५ अंशांत. ताकद कमी असताना पडद्यावर सरळ रेषा. थोडी वाढवली की एखाद्या ठोक्याला रेषेत बारीक उंचवटा दिसतो, पुढच्याला काहीच नाही. दहापैकी पाच ठोक्यांना निदान ५० मायक्रोव्होल्टचा उंचवटा मिळाला की ठोक्याची ती ताकद त्या माणसाची मर्यादा धरतात. पुढची सगळी मोजमापं तिच्या टक्क्यांत होतात.

ठोका पडल्यापासून तो उंचवटा दिसेपर्यंत सुमारे २० मिलिसेकंद जातात. कॉर्टेक्सच्या पाचव्या थरात मोठ्या पिरॅमिडल पेशी असतात आणि त्यांचे तंतू थेट मज्जारज्जूपर्यंत उतरतात. नेहमीच्या ताकदीच्या ठोक्याने या पेशी स्वतः क्वचितच पेटतात. पेटतात ते त्यांच्यापर्यंत येणाऱ्या शेजारच्या पेशींचे अॅक्सॉन. ते चेतासंधीत, म्हणजे दोन पेशींच्या जोडावर, ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन सोडतात आणि मग पिरॅमिडल पेशी संदेश पाठवतात.

हे कळलं कसं? दुखण्यावरच्या उपचारासाठी ज्यांच्या मानेत मज्जारज्जूच्या आवरणावर इलेक्ट्रोड बसवलेले होते अशा रुग्णांनी संशोधकांना मोजमापं घेऊ दिली. एका ठोक्यामागे खाली एकच नव्हे, तर सुमारे दीड मिलिसेकंदाच्या अंतराने एकामागून एक लाटा उतरताना दिसल्या. पहिल्या काही लाटा शेजाऱ्यांमार्फत आलेल्या, म्हणून त्यांना आय-लाटा (आय म्हणजे इनडायरेक्ट) म्हणतात. ताकद बरीच वाढवली की त्यांच्याही आधी एक थेट लाट दिसते, ती डी-लाट. कॉइल उलट्या दिशेने धरली तर उशिराच्या आय-लाटा आधी जाग्या होतात, म्हणजे पेशींचं वेगळं जाळं कामाला लागतं.

हा परिणाम किती खोल जातो?

नेहमीच्या कॉइलने त्वचेपासून दोन ते तीन सेंटिमीटर. खोलीबरोबर ताकद झपाट्याने घटते. खोलवर पोचणाऱ्या वेगळ्या रचनेच्या कॉइली आहेत, पण जितकं खोल जावं तितकं क्षेत्र पसरतं. खोल आणि नेमकं, दोन्ही एकाच वेळी साधत नाही. मेंदूच्या गाभ्यातले भाग या ठोक्याने थेट उद्दीपित होत नाहीत.

एका ठोक्याने किती पेशी पेटतात?

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत, त्यातल्या १६ अब्जांच्या आसपास कॉर्टेक्समध्ये. ठोक्याने त्यातला फार छोटा भाग थेट पेटतो. माकडांच्या मेंदूत एकेका पेशीची नोंद घेणाऱ्या प्रयोगांत, एका ठोक्यानंतरची लक्षणीय खळबळ काही मिलिमीटरच्या टापूतच दिसली आणि ती काही दशक मिलिसेकंदच टिकली. कॉइलचं क्षेत्र पसरतं सेंटिमीटरभर, पण उंबरठा ओलांडतात त्या त्यातल्या योग्य दिशेच्या आणि आधीच तयारीत असलेल्या पेशी.

टीएमएस पेशींना उत्तेजित करतं की दाबतं?

दोन्ही, आणि तेही एकाच ठोक्यात. कॉर्टेक्समध्ये ग्लुटामेट सोडणाऱ्या उत्तेजक पेशींच्या जोडीला गाबा हे रसायन सोडणाऱ्या, दमन करणाऱ्या पेशी असतात. विद्युत क्षेत्र त्यांच्यात भेद करत नाही. आधी खळबळ उडते आणि तिच्या पाठोपाठ सगळं थंडावतं.

हे थंडावणं डोळ्यांनी पाहता येतं. एखाद्याला मूठ हलकी आवळून धरायला सांगा आणि ठोका द्या. स्नायूच्या नोंदीत आधी उंचवटा येतो, मग शंभर-दोनशे मिलिसेकंद रेषा पूर्ण शांत होते, जरी माणूस मूठ आवळायचा प्रयत्न करतच असला तरी. या शांततेच्या उत्तरार्धामागे मुख्यतः गाबा-बी ग्राही (गाबा पकडणारे, पेशीवरचे रेणू) असतात. तसंच, मोठ्या ठोक्याआधी एक ते पाच मिलिसेकंद हलका ठोका दिला तर मोठ्याचा परिणाम घटतो, आणि ते गाबा-ए ग्राहींचं काम. औषधं देऊन हे वेगळं काढता आलं आहे. जिवंत, जाग्या माणसाच्या मेंदूतल्या दमनाचं माप सुईशिवाय घेता येणं ही फार मोठी गोष्ट आहे.

या क्षणिक गोंधळाचा अभ्यासासाठी उपयोगही झाला. १९८९ मध्ये अमासियन आणि सहकाऱ्यांनी पडद्यावर क्षणभर अक्षरं दाखवली आणि ८० ते १०० मिलिसेकंदांनी डोक्याच्या मागच्या बाजूला ठोका दिला. अक्षरं दिसेनाशी झाली. ठोका बराच आधी किंवा बराच नंतर दिला तर ती दिसायची. १९९७ मधला एक प्रयोग मला अधिकच विलक्षण वाटतो. लहानपणापासून अंध असलेली माणसं बोटांनी ब्रेल वाचत असताना त्यांच्या दृष्टीच्या कॉर्टेक्सवर ठोके दिले, तर वाचनात चुका होऊ लागल्या. काहींनी सांगितलं की नसलेले ठिपके जाणवतात. डोळस माणसांत असं झालं नाही. डोळ्यांकडून काहीच न येणारा तो भाग स्पर्शाच्या कामाला लागला होता.

धक्का कॉइलखालीच थांबतो की पुढे पसरतो?

पसरतो, पण मनाला येईल तसा नाही. अॅक्सॉनमधून जिथे वाट आहे तिथेच.

मार्चेल्लो मासिमिनी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये टीएमएस आणि ईईजी (मेंदूतल्या विद्युत हालचालींची डोक्यावरून घेतलेली नोंद) एकत्र वापरून हे दाखवलं. जाग्या माणसात ठोक्याचा प्रतिसाद काही सेंटिमीटर दूरच्या भागांपर्यंत टप्प्याटप्प्याने पोचत गेला. तोच माणूस स्वप्नरहित गाढ झोपेत असताना दिलेला तोच ठोका जागच्या जागी जास्त जोरात उमटला आणि लगेच विझला. पेशी त्याच, तंतू तेच, ठोकाही तोच. बदलली होती मेंदूची अवस्था. याच कल्पनेवरून पुढे, बोलू न शकणाऱ्या रुग्णांमध्ये जाणिवेची पातळी मोजण्याची पद्धत उभी राहिली.

यावर एक रास्त शंका घेतली जाते: कॉइलचा आवाज आणि त्वचेवरची टिचकी यांनाही मेंदू प्रतिसाद देणारच, मग नोंदीत दिसतं ते नक्की कशाचं? म्हणून चांगल्या प्रयोगात आवाज आणि टिचकी तशीच ठेवून खोटे ठोकेही देतात. आणखी खात्रीचा मार्ग अपस्माराच्या काही रुग्णांमुळे खुला झाला. शस्त्रक्रियेआधी फीट कुठून सुरू होते ते शोधायला त्यांच्या मेंदूत काही दिवस इलेक्ट्रोड ठेवलेले असतात. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या गटाने आधी जेलच्या नमुन्यावर, इलेक्ट्रोड तापत किंवा सरकत तर नाहीत ना, हे तपासलं आणि मग अशा रुग्णांच्या संमतीने टीएमएस दिलं. कपाळामागच्या बाजूच्या भागावर दिलेल्या ठोक्यांना मेंदूच्या आत दडलेल्या अँटिरिअर सिंग्युलेट आणि इन्सुला या भागांनी उत्तर दिलं, खोट्या ठोक्यांपेक्षा स्पष्टपणे वेगळं. खोलवरचे भाग थेट पेटत नाहीत, पण निरोप त्यांच्यापर्यंत जातो, हे त्यातून आतूनच पाहायला मिळालं.

यंत्र बंद झाल्यावरही परिणाम टिकतो, तो कसा?

एकटा ठोका सेकंदभरात विरतो. टिकणारा परिणाम हवा असेल तर ठोके ठरावीक लयीत, पुन्हापुन्हा द्यावे लागतात. ढोबळ नियम असा की सेकंदाला एक किंवा त्याहून कमी ठोके दिले तर त्या भागाची उत्तेजनक्षमता उतरते, पाच किंवा अधिक दिले तर चढते. १९९७ मध्ये सेकंदाला ०.९ या गतीने १५ मिनिटं ठोके दिल्यावर स्नायूचा प्रतिसाद घटला आणि नंतर किमान १५ मिनिटं घटलेलाच राहिला.

२००५ मध्ये लंडनमध्ये यिंग-झू हुआंग, जॉन रॉथवेल आणि सहकाऱ्यांनी थीटा-बर्स्ट पद्धत आणली: ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० ठोक्यांच्या, गतीने तीन ठोक्यांचा झुपका, आणि असे झुपके सेकंदाला पाच. ते सलग ४० सेकंद दिले तर दमन. दोन सेकंद देऊन आठ सेकंद थांबत सुमारे तीन मिनिटं दिले तर उत्तेजन. दोन्हींत एकूण ठोके तेवढेच, ६००. फरक फक्त मध्ये थांबण्याचा.

पेशींत काय होत असावं याचा सर्वांत भक्कम धागा चेतासंधींकडे जातो. शिकताना ज्या यंत्रणेने चेतासंधी बळकट किंवा दुबळ्या होतात, तीच इथे वापरली जाते. ग्लुटामेट पकडणारे एनएमडीए ग्राही अडवणारं मेमँटिन हे औषध आधी दिलं तर थीटा-बर्स्टचा नंतरचा परिणाम उमटत नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदरांच्या मेंदूच्या कापांवर १० हर्ट्झने चुंबकीय ठोके दिल्यावर डेंड्राइटवरचे, म्हणजे पेशीच्या संदेश घेणाऱ्या फांद्यांवरचे, छोटे काटे मोठे झालेले आणि चेतासंधीची ताकद वाढलेली दिसली. मात्र कापातल्या पेशीवरून माणसाच्या मनःस्थितीपर्यंत सरळ रेघ ओढू नये.

मग सगळ्यांवर सारखाच परिणाम का होत नाही?

वर दिलेला गतीचा नियम सरासरीचा आहे, व्यक्तीचा नाही. २०१३ मध्ये लंडनच्याच गटाने पन्नासहून अधिक निरोगी माणसांवर थीटा-बर्स्ट तपासलं, तेव्हा एकत्रित सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. कुणाचा प्रतिसाद वाढला, कुणाचा उलट घटला. कोणाच्या मेंदूत कुठल्या आय-लाटा सहज जाग्या होतात, यावर त्यातला बराच फरक अवलंबून होता. शिवाय घड्यांची ठेवण, वय, झोप, औषधं, ठोक्याआधी तो स्नायू वापरला होता की नाही, हे सगळं मोजायला हवं. ज्या पेशी उंबरठ्याजवळ आहेत त्याच उद्दीपित होतात, आणि उंबरठ्याजवळ कोण आहे ते दर क्षणी बदलतं.

नैराश्यात याचा उपयोग कसा होतो?

सर्वाधिक वापर इथेच आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये, औषधांनी फरक न पडलेल्या नैराश्यासाठी याला मान्यता दिली. २०१८ मध्ये मंत्रचळासाठी (ओसीडी) दिली. डाव्या कपाळामागच्या बाजूच्या भागावर, आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे ठोके देतात.

लक्ष्य तेवढा एक भाग नसून त्याचं जाळं असतं. मनःस्थितीशी निगडित असलेला सबजेन्युअल सिंग्युलेट कॉइलच्या आवाक्याबाहेर, खोल आहे. २०१२ च्या सुमारास असं दिसलं की कपाळामागच्या ज्या जागेची चढउतार या खोल भागाच्या उलट चालते, तिथे ठोके दिलेल्या रुग्णांना अधिक फायदा होतो. पूर्वी 'हात हलवणाऱ्या जागेपासून पाच सेंटिमीटर पुढे' असा सरसकट नियम होता. डोकी लहानमोठी असल्याने तो अनेकांत चुकायचा. कॅनडातल्या ४१४ रुग्णांच्या २०१८ मधल्या चाचणीत तीन मिनिटांची थीटा-बर्स्ट पद्धत साडेसदतीस मिनिटांच्या जुन्या पद्धतीहून कमी पडली नाही. दोन्हींत सुमारे निम्म्या रुग्णांना ठळक फायदा झाला. निम्म्यांना झाला नाही, हेही रुग्णाला आधीच सांगितलं पाहिजे.

पेशी मरतात का? फीट येते का?

नेहमीच्या मर्यादेतल्या ठोक्यांनी पेशी मेल्याचा पुरावा नाही. डोकं दुखणं, कॉइलखाली दुखणं हे त्रास सर्रास होतात आणि बहुतेकांत कमी होत जातात. खरा धोका फीटचा आहे, पण तो दुर्मीळ आहे: उपचार घेणाऱ्या हजारात एकाहूनही कमी जणांना. सुरुवातीच्या काळात जास्त गतीचे ठोके पुरेसं न थांबता दिल्याने काहींना फीट आल्या, त्यानंतर १९९८ मध्ये सुरक्षिततेच्या मर्यादा प्रसिद्ध झाल्या. कानांत बोळे घालायलाच हवेत, कॉइलचा आवाज श्रवणपेशींना इजा करू शकतो.

शॉक ट्रीटमेंट आणि हे एकच का?

नाही. शॉक ट्रीटमेंटमध्ये, म्हणजे ईसीटीमध्ये, भूल देऊन मुद्दाम फीट आणतात. टीएमएसमध्ये ती येऊ नये म्हणून काळजी घेतात. बॅटरीच्या मंद प्रवाहाची टीडीसीएस ही पद्धतही वेगळी. तिचं क्षेत्र इतकं क्षीण असतं की पेशी पेटत नाहीत, फक्त उंबरठ्याच्या थोड्या जवळ किंवा दूर जातात.

यातून विचार पेरता येतात का?

दृष्टीच्या कॉर्टेक्सवर ठोका दिला तर क्षणभर प्रकाशाची ठिणगी दिसते, चेहरा किंवा देखावा नाही. हजारो तंतू एकदम पेटवून अर्थ तयार होत नाही. विचार पेरता येत नाहीत.

उपचार घ्यायचे ठरले तर डॉक्टरांना काय सांगावं?

डोक्यात किंवा मानेत धातू असेल तर सगळ्यात आधी ते: कॉक्लिअर इम्प्लांट, रक्तवाहिनीवरची क्लिप, मेंदूतले इलेक्ट्रोड. पेसमेकर असेल तर तेही. पूर्वी कधी फीट आली असेल, डोक्याला मोठा मार बसला असेल, गरोदर असाल, तर ते लपवू नका. कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन यांसारखी सोडियमचे मार्ग अडवणारी औषधं अंगठ्यावर मोजलेली मर्यादा वाढवतात. झोपेच्या गोळ्या, दारू, किंवा ती अचानक सोडणं, यांनीही पेशींचा उंबरठा बदलतो. म्हणून उपचार चालू असताना औषध बदललं किंवा रात्रभर झोप झाली नाही, तर त्या दिवशी खुर्चीत बसण्याआधीच सांगा आणि मर्यादा पुन्हा मोजायला सांगा. अंगठ्यावरचं ते मोजमाप काही मिनिटांचंच असतं.